गाविलगड कोणी बांधला? रिसर्चच्या इंग्रजीचा सराव आपल्याच वऱ्हाडातून

पेट किंवा नेटची तयारी करणारे अमरावती-अकोल्याचे बरेच विद्यार्थी एकच अडचण सांगतात. विषय येतो, वाचलेलं इंग्रजी समजतं, पण सिनॉप्सिसचं पहिलं पान इंग्रजीत लिहायला बसलं की हात थांबतो. मग व्याकरणाचं जाडजूड पुस्तक येतं. त्यातली 'राम आंबा खातो' छापाची वाक्यं सोडवून होतात, मार्कही बरे पडतात, आणि सिनॉप्सिस तिथल्या तिथेच राहतो.

असं का होतं, यावर संशोधन झालेलं आहे. कॅनडात फ्रेंच माध्यमाच्या शाळांत शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी 1985 साली एक मुद्दा मांडला. या मुलांना वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून-वाचून उत्तम समजायचं, पण बोलण्या-लिहिण्यात ती मागे राहायची. स्वेन यांचं म्हणणं असं की नुसतं समजून भागत नाही, स्वतः वाक्य तयार करावं लागतं. वाक्य तयार करताना अडलो की आपल्याला काय येत नाही ते कळतं. पुढे 1990 मध्ये रिचर्ड श्मिट यांनी त्याला जोड दिली: भाषेतली एखादी गोष्ट आपल्या लक्षात आली, तरच ती शिकली जाते.

म्हणजे सरावासाठी असा विषय हवा ज्यावर आपल्याला खरोखर काही सांगायचं आहे आणि ज्याचा तपशील आपण स्वतः तपासू शकतो. आपल्याकडे तो हाताशी आहे: गाविलगड, नरनाळा, बाळापूर, अचलपूर, चिखलदरा. प्रवास आणि वारसा हा विषय सोपा वाटतो, पण त्यावर नीट चार वाक्यं लिहायला गेलं की रिसर्चच्या इंग्रजीतले जवळपास सगळे प्रश्न समोर येतात. एकेक बघू.

1. कोणी बांधला? पॅसिव्ह आणि हेजिंग

हे वाक्य बघा: 'गाविलगड वॉज बिल्ट इन 1425.' व्याकरण बरोबर आहे. पण हे तुम्हाला कसं माहीत? पॅसिव्ह व्हॉइसमध्ये कर्ता लपतो, आणि त्याच्याबरोबर माहिती देणाराही लपतो.

ही माहिती येते फिरिश्ता या इतिहासकाराकडून. त्याच्या सांगण्यानुसार अहमदशाह बहमनीने गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली. फिरिश्ताने हे लिहिलं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी. शिवाय 'गाविल' हे नाव गवळ्यांशी जोडलं जातं आणि त्यावरून तिथे आधीपासून एखादं ठाणं असावं असा तर्क केला जातो. आता तीन वाक्यं होतात:

'अकॉर्डिंग टू फिरिश्ता, अहमदशाह बहमनी बिल्ट गाविलगड.'
'द फोर्ट इज सेड टू हॅव बीन बिल्ट इन 1425.'
'द नेम सजेस्ट्स दॅट अ‍ॅन अर्लिअर सेटलमेंट मे हॅव एग्झिस्टेड हिअर.'

पहिल्यात साक्षीदाराचं नाव आहे. दुसऱ्यात नुसतं 'असं म्हणतात'. तिसऱ्यात अंदाज आहे, आणि तो अंदाज आहे हे वाक्यच सांगतं. 'मे', 'सजेस्ट्स', 'प्रॉबेब्ली' अशा शब्दांनी दाव्याची ताकद कमी-जास्त करणं याला हेजिंग म्हणतात. ही इंग्रजीची नुसती सजावट नाही. पुरावा जेवढा, तेवढंच बोलायचं, ही रिसर्चची पहिली शिस्त इथे व्याकरणात उतरते. गाइड तुमच्या पानावर 'सोर्स?' असं लिहितात, तेव्हा बहुतेक वेळा अडचण याच ठिकाणी असते.

2. कधी? मराठीची सवय आणि काळ

नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावर शिलालेख आहे, तो 1487 चा. मराठीत आपण सहज म्हणतो, 'हा दरवाजा 1487 साली बांधलेला आहे.' 'आहे' आल्यामुळे इंग्रजीत हात आपोआप 'हॅज बीन बिल्ट इन 1487' कडे जातो. इंग्रजीला ते चालत नाही. गेलेलं ठरावीक साल आलं की साधा भूतकाळ: 'वॉज बिल्ट इन 1487.' प्रेझेंट परफेक्ट लागतो तो आजवर टिकलेल्या गोष्टीला: 'द गेट हॅज सर्व्हाइव्हड.'

याच्या सरावाला शकुंतला रेल्वेसारखा विषय नाही. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी ही नॅरोगेज गाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. 'स्टीम इंजिन्स पुल्ड द ट्रेन अंटिल 1994', इथे साल आहे, साधा भूतकाळ. 'द ट्रेन युज्ड टू कनेक्ट स्मॉल कॉटन टाउन्स', ही आता नसलेली सवय. 'द ओल्ड सर्व्हिस हॅज स्टॉप्ड', ज्याचा परिणाम आजही गावाला भोगावा लागतो. एका गाडीत तीन काळ बसले.

आणि पास्ट परफेक्ट? 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धात 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या आडगावला लढाई झाली आणि 15 डिसेंबरला गाविलगड पडला. 'व्हेन गाविलगड फेल, वेलस्ली हॅड ऑलरेडी वन अ‍ॅट आडगाव.' दोन घटनांपैकी आधीची कोणती, एवढंच 'हॅड'चं काम. उगाच प्रत्येक भूतकाळाला 'हॅड' लावू नका.

3. 'अ' की 'द'?

मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ही चूक शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. बाळापूरच्या छत्रीवर लिहा: 'अ छत्री स्टँड्स निअर द रिव्हर. द छत्री इज अट्रिब्यूटेड टू मिर्झाराजे जयसिंह.' वाचकाला पहिल्यांदा सांगितली तेव्हा 'अ', ओळख झाल्यावर 'द'. नावांचंही तसंच पाठ होतं: 'नरनाळा फोर्ट' असं थेट, पण 'द फोर्ट ऑफ नरनाळा'. गावांना आणि जिल्ह्यांना काही नाही, नदीला मात्र 'द': 'द पूर्णा'. 'द मेळघाट टायगर रिझर्व्ह' मध्येही 'द', कारण रिझर्व्ह हे साधं नाम शेवटी आहे.

4. शब्द: 'डिस्कव्हर्ड' कोणासाठी?

अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली शैक्षणिक लेखनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची यादी प्रसिद्ध केली. यादी पाठ करायला घेतली की आठवड्यात कंटाळा येतो. त्यापेक्षा हे बघा: सोर्स, साइट, स्ट्रक्चर, कन्स्ट्रक्ट, रिस्टोअर, सर्व्हाइव्ह, अबँडन, डिक्लाइन, अट्रिब्यूट. हे सगळे त्या यादीत आहेत आणि एका किल्ल्याच्या वर्णनात आरामात बसतात.

पण शब्द निवडताना विचारही करावा लागतो. चिखलदऱ्याबद्दल ठिकठिकाणी लिहिलेलं असतं की 1823 मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने ते 'डिस्कव्हर' केलं. आता गंमत बघा. चिखलदऱ्याला लागूनच गाविलगड आहे. तो किल्ला इंग्रजांनी त्याच्या 20 वर्षं आधी जिंकला होता. बहमनी, इमादशाही, मोगल, भोसले तिथे राहून गेले होते. कोरकू लोकांची वस्ती या डोंगरात आहेच. मग शोध नेमका कोणी आणि कोणासाठी लावला?

प्रामाणिक वाक्य असं होईल: 'इन 1823, अ ब्रिटिश ऑफिसर आयडेंटिफाइड चिखलदरा अ‍ॅज अ सूटेबल हिल स्टेशन.' एका क्रियापदाने दृष्टिकोन बदलला. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना हेच करायचं असतं: दुसऱ्याचा शब्द जसाच्या तसा न उचलता, तो कुठे उभा राहून बोलतो आहे ते तपासायचं.

सराव कसा करायचा?

ब्रिटिश काळातली जिल्हा गॅझेटियर नेटवर मोफत मिळतात. अकोल्याचं 1910 चं, अमरावतीचं 1911 चं. शोधताना जुनी रूपं वापरा, नाहीतर हाती काही लागणार नाही. अचलपूरसाठी एलिचपूर, वऱ्हाडासाठी बेरार, आडगावसाठी आर्गॉम.

- एक परिच्छेद घ्या, पाच-सहा ओळींचाच. दोनदा वाचा, आठ-दहा मुख्य शब्द वहीत टिपा आणि पान बंद करा.
- त्या शब्दांवरून परिच्छेद स्वतः लिहा. अडाल, अडू द्या. स्वेन म्हणतात ते हेच अडणं.
- मूळ परिच्छेदाशी ताडून बघा. 'द' कुठे सुटला, 'हॅज' कुठे घुसला, त्याला लाल खूण करा. श्मिट म्हणतात ते लक्षात येणं हे.
- शेवटी प्रत्येक वाक्यापुढे एक प्रश्न लिहा: हे कोणी सांगितलं? उत्तर नसेल तर वाक्यात हेजिंग घाला किंवा वाक्य काढा.

एक सावधगिरी. गॅझेटियरची भाषा शंभर वर्षं जुनी आणि राज्यकर्त्यांची आहे. माहिती घ्या, वाक्यरचना समजून घ्या, पण स्थानिक लोकांबद्दलची विशेषणं उचलू नका.

आठवड्याला दोन परिच्छेद, असे दोन महिने केले तर सोळा परिच्छेद होतात. त्यातले काही तुम्ही ज्या किल्ल्यावर स्वतः गेलात त्याचे असू द्या. दरवाज्याचा फोटो काढा, पाटीवरची माहिती टिपा, पुस्तकातल्या माहितीशी जुळते का बघा. जुळली नाही तर आणखी चांगलं. तुमचा पहिला रिसर्च क्वेश्चन तिथेच मिळाला, आणि तो इंग्रजीत विचारायचा कसा हे तोवर तुम्हाला जमलेलं असेल.