न्यायाचें दार कितीदां ठोठवावें?

गुन्हा शाबीत होऊन शिक्षा झाल्यावर आरोपीनें वरच्या न्यायालयांकडे कितीदां जावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. ज्याच्या घरचें माणूस मारलें गेलें, त्याची जखम प्रत्येक नव्या अर्जाच्या वार्तेनें पुन्हां उघडी होते; उलट, तुरुंगांतील मनुष्य खरोखर निर्दोष असेल, तर तो अर्ज हाच त्याचा अखेरचा आधार. या दोहोंचा मेळ कायदा कसा घालतो, हें विद्यार्थ्यांस व पालकांस ठाऊक असणें इष्ट आहे.

प्रथम पायऱ्या पाहूं. लातूरच्या सत्र न्यायालयानें जन्मठेप दिली, तर उच्च न्यायालयाकडे अपील करण्यास 60 दिवसांची मुदत असते. फांशी दिली, तर 30 दिवसांची. शिवाय आरोपीनें अपील करो वा न करो, उच्च न्यायालयानें कायम केल्याखेरीज फांशीची शिक्षा अमलांत येत नाहीं. पुढें सर्वोच्च न्यायालय; तेथेंही निकाल विरुद्ध गेल्यास 30 दिवसांत पुनर्विचाराचा अर्ज करतां येतो. फांशीच्या प्रकरणीं हा अर्ज तीन न्यायमूर्तींनीं उघड न्यायालयांत ऐकावा, असें 2014 सालीं ठरलें. याहूनही अरुंद अशी शेवटची वाट 2002 सालच्या रूपा हुर्रा प्रकरणांतील निर्णयानें मोकळी झाली. तिला क्युरेटिव्ह अर्ज म्हणतात. त्यास ज्येष्ठ वकिलाचा दाखला लागतो. आणि अर्ज निव्वळ त्रास देण्यासाठीं केलेला दिसल्यास अर्जदारावर जबर खर्च बसविला जातो. राहतां राहिला दयेचा अर्ज. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें त्यासही दिवसांची मर्यादा घातली आहे.

वकिलांचें काय? 1961 च्या अधिवक्ता कायद्यान्वयें गैरवर्तन करणाऱ्या वकिलास बार कौन्सिल समज देऊं शकते, त्याची सनद कांहीं काळ स्थगित करूं शकते, वा त्याचें नांव पटावरून कायमचें काढूं शकते. मात्र खटला हरणें, किंवा हताश पक्षकारासाठीं आणखी एक प्रामाणिक अर्ज करणें, हें गैरवर्तन नव्हे.

कित्येकांस या मर्यादा अपुऱ्या वाटतात. अमेरिकेनें 1996 सालीं कायदा करून, प्रांतिक न्यायालयाची शिक्षा झालेल्या कैद्यास संघराज्याच्या न्यायालयाकडे येण्यास एक वर्षाची मुदत घातली, व तसा दुसरा अर्ज वरिष्ठ न्यायालयाच्या परवानगीवांचून करूं नये असें ठरविलें. आपण तसें करावें काय? उत्तर देण्यापूर्वीं नाशिकचें एक प्रकरण आठवावें.

5 जून 2003 च्या रात्रीं नाशिकजवळच्या एका बागेंतील झोपडीवर दरोडा पडला व पांच जणांचे प्राण गेले. भटक्या जमातींतील सहा गरीब मजुरांवर खटला चालला. 2006 सालीं नाशिकच्या न्यायालयानें सहाही जणांस फांशी सुनावली. 2007 सालीं उच्च न्यायालयानें तिघांची फांशी जन्मठेपेंत बदलली. 2009 सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां सहाही जणांस फांशी दिली. पुनर्विचाराचे अर्ज एकदां फेटाळले जाऊनही पुढें पुन्हां ऐकले गेले, आणि 5 मार्च 2019 रोजीं त्याच न्यायालयानें सर्वांस निर्दोष सोडलें! प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारानें पोलिसांजवळील छायाचित्रांतून निराळींच चार माणसें ओळखलीं होतीं. त्यांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकास पांच लाख रुपये देण्याचा हुकूम झाला. पण गेलेलीं सोळा वर्षें कोणी परत द्यावीं?

विलंबाचा सारा दोष वकिलांच्या माथीं मारणेंही योग्य नव्हे. कोल्हापूरकडील बालहत्यांच्या प्रकरणांत दोघी बहिणींची फांशी मुंबई उच्च न्यायालयानें 18 जानेवारी 2022 रोजीं जन्मठेपेंत बदलली. कारण काय, तर त्यांच्या दयेच्या अर्जावर निर्णय होण्यास सरकारदरबारीं जवळजवळ आठ वर्षें लागलीं.

पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं कैदेंतील कोणाही मनुष्यास जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो, व कैदेची शिक्षा झालेल्यास निकालाची प्रतही फुकट मिळते. मुदत टळूं न देणें हेंच पहिलें काम.

अर्जांस मर्यादा असावी, आणि खोडसाळपणास दंडही असावा. परंतु नवा व सबळ पुरावा घेऊन येणाऱ्याकरितां दाराला कडी असावी, कुलूप नसावें. निकाल लवकर लागणें चांगलें. पण तो खरा असणें त्याहून चांगलें.