उन्हाने तडकलेले गाडीतील ‘लेदर’ पुन्हा नीट होते का? दुरुस्ती कुठे करावी, कुठे टाळावी?

मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगावकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. उन्हात उभ्या गाडीचा दरवाजा उघडला की आतून भट्टीसारखी झळ येते. माणूस एसी लावून पाच-दहा मिनिटांत सावरतो. डॅशबोर्ड, डोअर पॅड आणि सीट यांना मात्र ही झळ रोज सोसावी लागते. चार-पाच उन्हाळे गेले की डोअर पॅडचा रंग उडतो, डॅशबोर्डचे आवरण काचेजवळ उचलले जाते, सीटच्या शिवणीलगत भेगा दिसू लागतात.

मग सल्ले सुरू होतात. कुणी खोबरेल तेल चोळायला सांगतो, कुणी चकाकी आणणारा स्प्रे आणून देतो, तर कुणी ‘सगळीकडे नवे रेक्झिन चढवून टाका’ म्हणतो. यातील काही उपायांत पैसे वाया जातात. एका उपायाने तर अपघाताच्या वेळी जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून आधी नेमके काय बिघडले आहे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

बंद गाडी आतून किती तापते?

अमेरिकेतील अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी टेंपी या शहरात भर उन्हाळ्यात गाड्या उभ्या करून आतील तापमान मोजले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर ३८ अंशांपेक्षा जास्त तापमान असताना तासभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश, स्टिअरिंग ५३ अंश आणि सीट ५१ अंश सेल्सिअसपर्यंत तापली. सावलीतल्या गाड्यांमध्ये हेच आकडे ४८, ४२ आणि ४१ होते.

म्हणजे नुसत्या सावलीने डॅशबोर्डचे तापमान सुमारे २० अंशांनी कमी राहिले. आपल्याकडे विदर्भ-खानदेशातील मे महिना त्या उन्हाळ्याहून फार वेगळा नाही. शिवाय अनेकांची गाडी तासभर नव्हे, तर कार्यालयाबाहेर आठ-नऊ तास उन्हात असते.

डॅशबोर्ड आणि डोअर पॅड वेगवेगळ्या प्रकारे का खराब होतात?

याचे उत्तर काचेत आहे. समोरची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून तयार केलेली असते. हा थर अतिनील किरण जवळपास पूर्ण अडवतो. बाजूच्या काचा मात्र बहुतेक गाड्यांत एकाच जाडीच्या ‘टफन्ड’ काचा असतात. त्यातून अतिनील किरणांपैकी ‘यूव्ही-ए’ हा भाग बऱ्याच प्रमाणात आत येतो.

त्यामुळे डोअर पॅडचा वरचा भाग आणि सीटची दाराकडची बाजू आधी फिकट होते. किरणांमुळे रंगद्रव्य आणि वरच्या संरक्षक थरातील रासायनिक बंध तुटतात. डॅशबोर्डला किरणांपेक्षा उष्णतेचा त्रास जास्त असतो, कारण तिरक्या मोठ्या काचेखाली तो दिवसभर पसरलेला असतो. तापमान वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेगही वाढतो. हे नुकसान साठत जाते. पावसाळा-हिवाळ्यात ते भरून येत नाही, पुढचा उन्हाळा त्यात भर घालतो.

तुमच्या गाडीत खरेच लेदर आहे का?

दुरुस्तीपूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हाच. माहितीपत्रकात ‘लेदरेट’ लिहिले असेल, तर ते चामडे नव्हे. कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा (पीयू) थर दिलेला तो पदार्थ आहे. आपण त्याला सरसकट रेक्झिन म्हणतो. महागड्या गाड्यांतही अनेकदा सीटचा अंगाला लागणारा भागच चामड्याचा असतो. सीटची मागची बाजू आणि डोअर पॅड कृत्रिम असतात.

पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची घरगुती चाचणी इथे उपयोगी पडत नाही. गाडीतील बहुतेक चामड्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो, त्यामुळे चामड्यातही पाणी मुरत नाही. खात्रीची जागा म्हणजे मागची बाजू. सीटखाली किंवा शिवणीच्या आत दुमडलेली कड दिसते का, ते पाहा. तिथे मऊ, लवदार तंतू दिसले तर चामडे. विणलेले कापड दिसले तर रेक्झिन.

ऊन लागल्यावर प्रत्येकात काय बिघडते?

चामडे हे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे आहे. त्यात थोडा ओलावा असतो, म्हणून ते लवचिक राहते. सततच्या उष्णतेने हा ओलावा कमी होतो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि चामडे आकसते. डॅशबोर्डवरील चामडे काचेच्या बाजूने ओढले जाऊन सुटते, ते यामुळेच.

पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळतात. उष्णतेने तो हळूहळू बाहेर पडतो. समोरच्या काचेवर आतून जी तेलकट धूसर साय जमते, तिच्यात त्याचाही वाटा असतो. प्लॅस्टिसायझर जसजसा कमी होतो, तसतसे रेक्झिन कडक होऊन तडकते.

पीयूचा शत्रू ऊन आहेच, पण दमटपणाही आहे. ओलाव्यामुळे त्याची साखळी तुटते, पृष्ठभाग चिकट होतो आणि पापुद्रे सुटू लागतात. त्यामुळे नागपूरच्या गाडीत भेगा आणि मुंबई-रत्नागिरी-गोव्याच्या गाडीत सोललेले पापुद्रे, असा फरक दिसू शकतो. दोन्हींवर इलाज एकच असू शकत नाही.

खोबरेल तेल आणि चकाकीच्या स्प्रेने काय होते?

कोल्हापुरी चपलेला तेल लावण्याची आपली जुनी सवय आहे आणि तिथे ती योग्यही आहे. ते चामडे वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले असते, त्यावर प्लास्टिकसारखा थर नसतो, म्हणून तेल आत मुरते. गाडीतील चामड्यावर थर असतो. तेल वरच राहते, त्यावर धूळ बसते आणि भेगांमध्ये मळ साठतो. पुढे रंग द्यायची वेळ आली की तो या तेलामुळे धरत नाही. रेक्झिनमध्ये तर तेल मुरण्याचा प्रश्नच नाही.

सिलिकॉनयुक्त चकाकीच्या स्प्रेचेही असेच. दोन दिवस डॅशबोर्ड नवा दिसतो. पण चकाकीमुळे समोरच्या काचेत डॅशबोर्डचे प्रतिबिंब पडते आणि भर उन्हात रस्ता नीट दिसत नाही. सॅनिटायझर, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने डाग पुसू नयेत. त्याने वरचा थरच निघतो. डॅशबोर्डवर ठेवलेली सुगंधाची बाटली सांडली तरी डाग पडू शकतो, कारण त्या द्रवात द्रावक असतात.

काय दुरुस्त होते, काय होत नाही?

फिकटलेला रंग पुन्हा देता येतो. केसाएवढ्या बारीक भेगा भरता येतात. शिवण उसवली असेल आणि कडा मजबूत असतील, तर ती पुन्हा घालता येते.

आकसलेले चामडे ताणून पूर्ववत होत नाही. ओढून चिकटवले तरी पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा सुटते किंवा शिवणीवर फाटते. तिथे जुने काढून नवे आवरण चढवणे हाच पर्याय. पापुद्रे सुटणाऱ्या पीयूवर रंग मारणेही व्यर्थ आहे. खालचा थरच सुटत असताना वरचा रंग टिकणार कसा? बोटाने दाबल्यावर कुरकुरीत वाटणारे, कडक झालेले रेक्झिनही याच यादीत येते.

चांगल्या दुरुस्तीचे टप्पे कोणते?

काम घाईचे नसते. सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशने जागा धुऊन पूर्ण वाळवावी लागते. मग जुने तेल-सिलिकॉन काढून टाकतात. भेगांच्या उभ्या कडा बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने सपाट केल्या जातात. त्यानंतर लवचिक फिलर एकदम जाड न लावता पातळ थरांत भरतात. प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा लावायचा.

रंग गाडीच्या मूळ रंगाशी जुळवावा लागतो. तो न दिसणाऱ्या जागी आधी लावून पाहणे चांगले. शेवटी रंगावर संरक्षक थर येतो आणि तो मूळ पृष्ठभागासारखा मंद हवा. खूप चकाकणारे काम उन्हात लगेच उठून दिसते.

नवे आवरण चढवायचे असेल तर सीट कव्हरवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा : चिकटवायला काय वापरणार? घरगुती रेक्झिनकामाचे साधे सोल्युशन डॅशबोर्डच्या उष्णतेत मऊ पडते आणि कडा उचलल्या जातात. जास्त तापमान सोसणारे, गाडीच्या कामासाठीचे चिकटद्रव्य हवे. डोअर पॅड काढताना लोखंडी स्क्रू ड्रायव्हर न वापरता प्लास्टिकची पट्टी वापरली जाते का, तेही पाहा. कामाचे स्वरूप, साहित्य आणि हमीची मुदत बिलावर लिहून घ्या. नेहमीच्या वापराने आणि उन्हाने होणारी झीज मोटार विम्यात येत नाही, त्यामुळे हा खर्च खिशातूनच करायचा आहे.

कोणत्या जागेला अजिबात हात लावू देऊ नये?

जिथे ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ लिहिले आहे, ती जागा. देशात चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासाठी नव्या मॉडेलमध्ये एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. चालकाची एअरबॅग स्टिअरिंगमध्ये असते. शेजारच्या प्रवाशाची डॅशबोर्डच्या पृष्ठभागाखाली असते आणि तो पृष्ठभाग ठरलेल्या रेषेवरच फाटावा यासाठी आतून मुद्दाम कमकुवत केलेला असतो. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागांत उघडते. त्या क्षणी आवरण ठरल्याप्रमाणे फाटलेच पाहिजे.

तिथल्या भेगेत फिलर भरला, वरून जाड रेक्झिन चढवले किंवा साध्या दोऱ्याने शिवण घातली, तर एअरबॅग उशिरा किंवा चुकीच्या दिशेने उघडू शकते. वरचे तुकडे उडून प्रवाशाच्या चेहऱ्यावर येऊ शकतात. तडकलेले आवरण, त्या जागी चिकटवलेली मूर्ती किंवा शोभेची वस्तू यांनाही हेच लागू पडते. श्रद्धा असली तरी मूर्तीची जागा बदललेली बरी.

काही गाड्यांत सीटच्या दाराकडच्या कडेत साइड एअरबॅग असते. तिथे लेबल दिसत असेल, तर सरसकट शिवलेले सीट कव्हर चढवू नये. एअरबॅगसाठी सुटणारी खास शिवण असलेलेच कव्हर घ्यावे. एअरबॅगवरील भाग तडकला असेल, तर दुरुस्ती न करता अधिकृत सेवा केंद्रातून तो भागच बदलून घ्यावा. हा खर्च जास्त असतो, पण इथे काटकसर करायची नसते.

पुढचा उन्हाळा येण्याआधी काय करता येईल?

सर्वात स्वस्त उपाय समोरच्या काचेला आतून लावायचा चंदेरी सनशेड. तो लावायला अर्धा मिनिट लागतो. सावली मिळाली तर उत्तमच, पण मे महिन्यात आपल्याकडे दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. सकाळी सावलीत लावलेली गाडी दुपारी उन्हात सापडते. जागा निवडताना दुपारी एक ते चारची सावली पाहा.

काचांवर फिल्म लावायची असेल तर नियम माहीत हवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवर फिल्म चिकटवण्यास मनाई केली होती. त्यानंतर नियमात बदल झाला. या मर्यादेत बसणारी फिल्म लावता येते, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले. त्यामुळे फिल्म घेताना तिचे प्रमाणपत्र मागून गाडीत ठेवा. काळी फिल्मच हवी असे नाही, अतिनील किरण अडवणाऱ्या जवळपास पारदर्शक फिल्मही मिळतात.

आठवड्यातून एकदा किंचित ओल्या मऊ कापडाने धूळ पुसावी, कारण धुळीचे कण घासले जाऊन वरचा थर झिजतो. लेदर असेल तर त्यासाठीचे क्लिनर वापरावे. रेक्झिनला ‘लेदर कंडिशनर’ची गरज नसते, तिथे तो खर्च वाचवावा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विक्रीपूर्वी डॅशबोर्ड चकचकीत केलेला असतो. कोरड्या कापडाने चकाकी पुसा, काचेलगतची कड पाहा आणि शेजारच्या प्रवाशासमोरील एअरबॅगच्या जागेवर हात फिरवा. तिथे नवे रेक्झिन, भरलेली भेग किंवा वेगळी शिवण हाताला लागली, तर किंमत ठरवण्याआधी गाडी अधिकृत सेवा केंद्रात तपासून घ्या.