हरिभाऊ वाकणकर : पेन्सिल हातात धरलेले संशोधक



मूल नववीत गेले की चित्रकलेच्या तासाला सुटी द्यावी, तेवढ्या वेळात विज्ञानाचा अभ्यास होईल, असे सांगायला दरवर्षी दोन-चार पालक माझ्याकडे येतात. त्यांची काळजी मला समजते. पण तेव्हा मला आपल्याच उज्जैनचे डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर आठवतात. सगळे त्यांना हरिभाऊ म्हणत. त्यांच्या बाबतीत चित्रकला काढून टाकली असती, तर विज्ञानही उरले नसते.

हरिभाऊंचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमचचा. मराठी घरातला हा मुलगा पुढे उज्जैनकरच झाला. १९५७ साली भोपाळच्या दक्षिणेला आगगाडीतून जाताना त्यांना दूरवर खडकांचे विचित्र आकार दिसले. ते गाडीतून उतरले आणि जंगलातून चालत तिथे पोहोचले, असे सांगतात. खडकांच्या आडोशाला चित्रेच चित्रे होती. तीच भीमबेटका. २००३ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गाडीतल्या बाकी प्रवाशांनाही ते खडक दिसलेच असतील!

आता खरा प्रश्न. खडकावरच्या चित्रावर तारीख नसते. मग कोणते जुने, कोणते नवे, हे ओळखायचे कसे?

आपल्या भैरवगढच्या छिपा कारागिरांचे बाटिक आठवा. कापडावर गरम मेण लावतात, फिक्या रंगात बुडवतात, पुन्हा मेण, मग गडद रंग. जाणकार माणूस तयार चादर पाहून कोणता रंग आधी चढला ते सांगतो. खडकावरही तसेच आहे. एकाच भिंतीवर शेकडो पिढ्यांनी चित्रे काढली, जुन्यावरच नवी. पांढऱ्या हत्तीच्या पोटावरून तांबड्या हरणाची रेघ अखंड गेली असेल, तर हरीण नंतरचे. अशा एकेका जोडीवरून क्रम लागत जातो. मग विषय पाहायचा. कुठे शिकारी आणि जनावरे आहेत, तर कुठे तलवार घेतलेले घोडेस्वार. हे स्वार अर्थातच पुष्कळ नंतरचे. रंगही बोलतो. तांबडा बहुधा गेरूचा, म्हणजे लोहयुक्त दगडाचा.

हे सगळे काळ्या-पांढऱ्या फोटोत नीट येत नाही. रंगांतला भेदच नाहीसा होतो. म्हणून समोर बसून, रेघ न रेघ पाहून, हाताने नक्कल करावी लागते. नक्कल करताना हात अडतो, आणि हात अडला की डोळा विचारतो, ही रेघ वरची की खालची? हरिभाऊ शिकलेले चित्रकार होते, म्हणून त्यांना ते दिसले. देशभरातल्या शैलाश्रयांत त्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले.

पुरातत्त्व म्हणजे इतिहास, त्यात विज्ञान कसले, असे कोणी म्हणेल. त्यांनी कायथ्याला जावे. आपल्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, छोटी कालीसिंधच्या काठी हे गाव आहे. १९६५-६६ मध्ये हरिभाऊंनी तिथे उत्खनन केले. मातीचे थर एकाखाली एक उलगडत गेले आणि सर्वांत खाली चार हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली. तिची मडकी वेगळी, तांब्याच्या कुऱ्हाडी आणि बांगड्या वेगळ्या. आज पुस्तकांत तिला ‘कायथा संस्कृती’ म्हणतात. खडकावर रंगांचे थर, इथे मातीचे. वाचण्याची रीत एकच.

उज्जैनमध्ये त्यांनी भारती कला भवन उभारले. तिथली मुले त्यांच्याबरोबर डोंगरदऱ्या हिंडली. पुढे मोठे चित्रकार झालेले सचिदा नागदेव त्यांतलेच. हरिभाऊंचे कुटुंब असे वाढत गेले. पण एक गोष्ट मनात येते. जो माणूस असा महिनोन्‌महिने बाहेर हिंडतो, त्याचे घर मागे कोणीतरी चालवत असते. १९७५ साली पद्मश्री मिळाली, ती एकट्याच्या नावावर. घरच्यांचा वाटा कोणत्याच सन्मानपत्रावर लिहीत नाहीत.

३ एप्रिल १९८८ रोजी सिंगापूरला त्यांचे निधन झाले. वयाला एकोणसत्तर पुरी व्हायला महिनाच उरला होता.

यंदाची सहल कायथ्याला नेण्याचे ठरवले आहे. सहावी ते नववीच्या मुलांनी एक कोरी वही आणि दोन पेन्सिली आणाव्यात. फोटो शिक्षक काढतील. मुलांनी मात्र बसून एक खापर तरी हाताने काढायचे आहे. चित्रकलेला सुटी मागणाऱ्या पालकांनाही सोबत येण्याचे निमंत्रण आहे. त्यांच्यासाठी पेन्सिली मी आणीन.

– मुख्याध्यापक