शुश्रूषेची मजुरी कोणी द्यावी?

दौंडच्या ऊसपट्ट्यात काय किंवा शिरूरच्या कांद्याच्या शिवारात काय, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली वृद्ध सासू ज्या घरी आहे, त्या घरच्या सुनेला मजुरीला जाता येत नाही. उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, कूस बदलणे यातच दिवस सरतो. (वार्धक्याच्या चर्चेत मुलाच्या कर्तव्याचे गोडवे पुष्कळ गायले जातात, काम मात्र सुनेच्याच वाट्याला येते.)

अशा कुटुंबाने सरकारकडे मदत मागावयाची तर कोणत्या योजनेचा अर्ज भरावा? वय पासष्टच्या आत असल्यास १९८० साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना, त्यापुढे श्रावणबाळ योजना. २०२३ पासून दोन्हींत दरमहा १,५०० रुपये ठरले. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २,५०० करण्यात आले. म्हणजे त्याच सासूजवळ केवळ वयाचा दाखला असेल तर एक रक्कम, अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर दुसरी. तेव्हा तहसील कचेरीची पायरी चढण्यापूर्वी हे प्रमाणपत्र मिळवणे शहाणपणाचे. पण जिला बिछान्यावरून हलवता येत नाही, तिला तपासणीसाठी न्यावे कसे, याचा विचार अर्जाच्या नमुन्यात नाही.

आता हिशेब पाहावा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने १,५०० रुपये ही पाच दिवसांचीही मजुरी होत नाही. बाकीचे दिवस सून बिनमजुरीची राबते. तिने बाहेर काम धरलेच, तर श्रावणबाळसाठी असलेली कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१ हजारांची मर्यादा याच दराने अडुसष्टाव्या दिवशी ओलांडली जाते. शिवाय तिच्यामागे सासूला पाणी कोण देणार?

केरळने २००८ साली वेदनाशमन व शुश्रूषेचे धोरण आखले. तेथे ग्रामपंचायतींमार्फत परिचारिका रुग्णाच्या घरी जातात आणि ‘आश्वासकिरणम्’ योजनेत शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीलाच दरमहा ६०० रुपये देऊ केलेले आहेत. रक्कम तुटपुंजीच, परंतु शुश्रूषा हेही काम आहे, एवढे तरी मान्य झाले. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा मातीकाम आणि खडी फोडणे यांचाच विचार झाला. शिरूर-दौंडच्या एखाद्या ग्रामपंचायतीने अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करून, गावातल्याच एका प्रशिक्षित बाईला आठवड्यातून तीन दिवस त्या घरी पाठवावे आणि तिचा मोबदला शासनाने हमीच्या दराने द्यावा. प्रारंभ एवढ्यानेही करता येईल.