पाऊस पडला की जन्मणारा मासा

दक्षिण मोझांबिक आणि आग्नेय झिंबाब्वेमधल्या गवताळ माळरानांवर पावसाळ्यात उथळ डबकी भरतात आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आटतात. तरीही त्यांत मासे असतात. टर्क्वाइज किलिफिश हा त्यांपैकी एक. लांबी जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. १९७१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले.

पाणी आले की चिखलातली अंडी फुटतात. पिल्ले निसर्गात अवघ्या दोन आठवड्यांत प्रजननक्षम झाल्याची नोंद आहे. मादी चिखलात अंडी घालत राहते. डबके आटते, मासे मरतात, अंडी उरतात.

अंड्यातला गर्भ आपली वाढ मध्येच थांबवतो. ही सुप्तावस्था म्हणजे ‘डायपॉज’. ती वाढीच्या तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर येऊ शकते, त्यामुळे सगळी अंडी एकाच पावसात फुटत नाहीत. पहिला पाऊस दगा देऊन गेला, तरी दुबार पेरणीसाठी राखलेल्या बियाण्यासारखी काही अंडी शिल्लक असतात.

मात्र तळाची माती योग्य हवी: ओली झाली की फुगणारी, सुकली की भेगाळणारी चिकणमाती. आपली काळी कापसाची जमीनही याच ‘व्हर्टिसॉल’ गटातली.

प्रयोगशाळेतही हा मासा काही महिन्यांतच म्हातारा होतो, म्हणून वार्धक्याच्या संशोधनात तो मोलाचा आहे. पण त्याला जपायचे तर डबक्याचा कोरडा तळही जपावा लागेल. कोरड्या ऋतूत तो बुजवला, तर अख्खी पिढी जन्मण्याआधीच संपते.