पुलाखालची रबराची उशी

जालना रोडवर क्रांती चौकाच्या उड्डाणपुलावरून स्कूटर न्या. मधूनच चाकाखाली ‘खडक्’ वाजतं. ती पुलातली फट, मुद्दाम ठेवलेली! कारण काँक्रीटचा पूल मे महिन्यात लांबतो आणि जानेवारीत आखडतो.

किती? काँक्रीट 30 अंशांनी तापलं, तर 30 मीटरचा गर्डर सुमारे 11 मिलिमीटर वाढतो. जेमतेम करंगळीच्या जाडीएवढा. पण एवढीशी वाढ अडवून धरली, तरी तडे जाऊ शकतात. मग शेकडो टनांचं हे धूड सरकू द्यायचं कसं?

अशा कित्येक पुलांमध्ये हे काम करतो खांब आणि गर्डर यांच्या सांदीत बसवलेला, काळ्या रबराचा एक पॅड!

तो उभ्या वजनाला दगडासारखा हवा आणि आडव्या ओढीला मऊ. हे एकाच वस्तूत जमेल? खोडरबर चिमटीत दाबून बघा. ते बाजूंनी फुगतं. रबर आकार बदलतं, पण त्याचं आकारमान जवळजवळ बदलत नाही. म्हणजे फुगणं रोखलं की दबणंही थांबलं! म्हणून रबराच्या पातळ थरांमध्ये पोलादी पत्रे घालतात आणि उष्णता देऊन, दाबून सगळं एकजीव करतात. पत्रे रबराला फुगू देत नाहीत, पण आडवं कलायला प्रत्येक थर मोकळाच राहतो. किती साधी युक्ती!

आता माप. लांबी-रुंदी ठरते वजनावरून. चौरस मिलिमीटरला साधारण 1 किलो धरलं, तर 100 टनांना 250 बाय 400 मिलिमीटर पुरतात. पूजेच्या पाटाएवढ्या जागेवर 100 टन!

जाडी मात्र ऋतू ठरवतात. रबराला त्याच्या जाडीच्या 0.7 पटीपर्यंतच कलू द्यायचं, हा दंडक. 11 मिलिमीटर सरकायचं, तर निव्वळ रबर किमान 16 मिलिमीटर हवं. शिवाय ट्रकचे ब्रेक आहेत, काँक्रीटचं वर्षानुवर्षं आक्रसणं आहे.

मग सरळ मोठाच पॅड का टाकू नये? इथेच खरी गंमत आहे. फार जाड झाला, तर डळमळतो. फार पसरट झाला, तर दाब कमी पडून जागेवरून सरकतो, आणि ट्रक आल्यावर गर्डरचं टोक किंचित तिरकं होतं, तेही त्याला झेपत नाही. नेमकं माप हीच इथली सुरक्षितता.

रबर शेवटी काँक्रीटच्या आधी म्हातारं होतं. तेव्हा जॅक लावून पूल काही मिलिमीटर उचलतात आणि पॅड बदलतात. त्यासाठी खांबाच्या माथ्यावर जॅकपुरती जागा पूल बांधतानाच सोडावी लागते.