न पाहिलेल्या वायूचं मोजमाप

काकिनाड्याजवळच्या खोल समुद्रात 2002 मध्ये वायू सापडला. तळाखाली वायूने भरलेली एखादी गुहा असेल असं वाटतं, पण तिथे असते रेती! एके काळी नद्यांनी आणून ओतलेली, मग गाळाखाली गाडली गेलेली. महाबळेश्वर आणि त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या दोन नद्यांचंच नाव इथल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्याला आहे. वायू कोंडलेला असतो तो रेतीच्या कणांमधल्या फटींत.

तो किती आहे हे एक घनफूटही उपसण्याआधी सांगायचं असतं. जहाजावरून ध्वनिलहरी सोडायच्या आणि थरांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपायचे. वायू भरलेल्या भुसभुशीत रेतीत ध्वनी मंदावतो, म्हणून ती प्रतिध्वनींच्या नकाशावर ठसठशीत उमटते. पण फटींत वायू जेमतेम दहा टक्के आणि बाकी पाणी असलं, तरी ती जवळपास तशीच उमटते. भलेभले इथे फसतात.

म्हणून विहीर खोदावी लागते. मला सर्वांत थक्क करते ती तिची चाचणी. वायू काही काळ वाहू द्यायचा, मग झडप बंद करून खालचा दाब पुन्हा कसा चढतो ते पाहत बसायचं. दाबातला हा बदल रेतीतून दूरवर पसरत जातो आणि वाटेत वायू अडवणारी खडकाची भिंत लागली की दाबाचा आलेख वळण घेतो. त्यावरून शेकडो मीटर दूरची, कुणीही न पाहिलेली भिंत ओळखता येते.

पुढे गुणाकार: क्षेत्रफळ, जाडी, फटींचं प्रमाण, त्यात वायूचा वाटा. शिवाय दोनशे वातावरणांच्या दाबाखालचा वायू वर आला की साधारण दोनशेपट फुगतो. यातला प्रत्येक आकडा अंदाजाचा, म्हणून प्रामाणिक अभियंता एकच उत्तर देत नाही. नव्वद टक्के, पन्नास टक्के आणि दहा टक्के खात्रीचे असे तीन आकडे देतो. त्यातलाही सगळा वायू हाती लागत नाहीच.

काकिनाड्याजवळचा तो वायू सापडला त्या केजी-डी6 (केजी म्हणजे कृष्णा-गोदावरी) ब्लॉकमधल्या डी1-डी3 क्षेत्रातून सुमारे 10 ट्रिलियन घनफूट वायू मिळेल असं धरलं होतं. 2009 मध्ये उत्पादन सुरू झालं. दिवसाला 8 कोटी घनमीटरचं लक्ष्य होतं, पण 2010 मध्ये अख्ख्या ब्लॉकचं उत्पादन 7 कोटींच्या आसपास जाऊन उतरणीला लागलं. दाब घसरला, विहिरींत पाणी आणि रेती शिरली. ब्लॉक चालवणारी कंपनी म्हणाली, भूरचनाच अवघड; सरकार म्हणालं, ठरल्याइतक्या विहिरी खोदल्याच नाहीत. साठ्याचा अंदाज 3 ट्रिलियन घनफुटांच्या घरात आला. फेब्रुवारी 2020 मध्ये डी1-डी3 बंद पडलं. डिसेंबरमध्ये त्याच ब्लॉकमधल्या आर-क्लस्टर या दुसऱ्या क्षेत्रातून वायू येऊ लागला.